'बॉरो' आणि 'लेंड' यांत नेमका फरक काय?

आपला गोंधळ होतो तो मराठीमुळेच, कारण आपण उसने घेतो आणि उसनेच देतो. शब्द एकच राहतो आणि दिशा क्रियापद सांगते. इंग्रजीत मात्र ही दिशा शब्दातच असते. 'बॉरो' म्हणजे परत देण्याच्या बोलीवर घेणे आणि 'लेंड' म्हणजे तशाच बोलीवर देणे. त्यामुळे शेजाऱ्याकडे छत्री मागताना 'कॅन आय बॉरो युअर अम्ब्रेला?' किंवा 'कॅन यू लेंड मी युअर अम्ब्रेला?' असे विचारावे. 'कॅन यू बॉरो मी' ही रचना प्रमाण इंग्रजीत चूक मानली जाते. वाक्याचा कर्ता घेणारा आहे की देणारा, एवढे पाहिले तरी पुरते. 'बॉरो'नंतर 'फ्रॉम' येते, तर 'लेंड'नंतर 'टू' येते किंवा थेट व्यक्तीच येते. 'लेंड'चे भूतकाळी रूप 'लेंट' होते, 'लेंडेड' नव्हे.

गंमत अशी की भाड्याच्या बाबतीत इंग्रजीही मराठीसारखीच वागते: 'रेंट' हे क्रियापद घरमालकालाही चालते आणि भाडेकरूलाही. मात्र पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला 'बॉरो' म्हणू नये. ग्रंथालयातून पुस्तक नेण्यासाठी तोच शब्द योग्य आहे.