एका घरात तीन याद्यांची वाट

मी नागपुरात समुपदेशक आहे. जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, नीटचा निकाल लागला, आता लिस्ट लागायची आहे, अन् पोरगी जेवून नाही राहिली, झोपून नाही राहिली. दिवसभर तो मोबाईल. काय करायचं?" कधी मुलगी असते, कधी मुलगा. 'या पिढीला वाट बघायची सवयच नाही' असंही सोबत ऐकवलं जातं. मला हे पटत नाही. दोन वर्षं बारा-बारा तास अभ्यास करणाऱ्या मुलांना वाट बघता येत नाही, असं कसं म्हणायचं? एखादं मूल वाट बघताना का खचतं, याचं कारण घरागणिक वेगळं असतं. ते सापडलं नाही तर 'धीर धर' या शब्दांचा मुलाला काहीच उपयोग होत नाही.

२०२५ च्या प्रवेशाच्या वेळचं एक घर सांगते. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलीला इथे मृण्मयी म्हणते आहे.

मानेवाड्याकडे घर. बाबांचं औषधांचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मूळ गाव काटोल तालुक्यात. मृण्मयीने एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसऱ्यांदा नीट दिली होती. आई तिला घेऊन आली तेव्हा बोलत होती ती आईच. मुलगी मांडीवरचा मोबाईल उलटा करून बसली होती आणि दर थोड्या वेळाने तो सरळ करून बघत होती.

पहिल्या भेटीत मी एकच विचारलं, काय बघतेस ते दाखवशील का? तिने दाखवलं. टेलिग्रामवरचे ग्रुप, त्यात कुणीतरी मध्यरात्री टाकलेलं 'आज रात्री लिस्ट येणार, पक्की बातमी', आणि त्याखाली शेकडो मुलांचे प्रश्न: इतके मार्क आहेत, मिळेल का? त्यांना उत्तरं देणारीही मुलंच. एकाने मागच्या वर्षीचे कट-ऑफ टाकले होते. तिचे मार्क त्यापेक्षा कितीतरी खाली होते, आणि तो आकडा बघून ती रडली होती.

इथे जरा थांबते, कारण ही चूक दरवर्षी हजारो घरांत होते. नीटचे मार्क दोन वर्षांमध्ये ताडून बघता येत नाहीत. २०२४ मध्ये सुरुवातीच्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. सुधारित निकालानंतर ते १७ वर आले. २०२५ चा पेपर, त्यातही फिजिक्स, इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मार्क मिळाले. पेपर अवघड गेला की सगळेच खाली येतात. मग मागच्या वर्षीच्या मार्कांशी स्वतःचे मार्क लावून रडण्यात काय हशील? लावायचीच तर रँक लावावी. आम्ही तिथेच बसून तिची रँक जुन्या याद्यांमधल्या शेवटच्या रँकशी ताडून पाहिली. चित्र बरंच बरं निघालं. एमबीबीएस नाही झालं तर पशुवैद्यकीय, असं घरात बोललं जात होतं; त्यात नागपूरचं महाविद्यालय अवघड, पण बाहेरगावच्या महाविद्यालयांच्या पुढच्या फेऱ्यांत आशा होती.

हे ऐकून आईला हायसं वाटलं. मृण्मयीचा चेहरा तसाच राहिला. तिची काळजी मार्कांपाशी संपत नव्हती, एवढं मला तेव्हा कळलं.

पुढच्या भेटीत मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला विचारलं, "तू नेमकी कोणत्या लिस्टची वाट बघते आहेस?"

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. नीट एकच असली तरी पुढच्या वाटा वेगळ्या. एमबीबीएस, बीडीएस (दातांचे डॉक्टर) आणि बीएएमएस (आयुर्वेद) यांच्या राज्यातल्या फेऱ्या सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, घेतो. पशुवैद्यकीयचा, म्हणजे बीव्हीएससीचा अर्ज वेगळा. तो महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, आपल्या माफसूकडे भरायचा. आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे आणखी एक नोंदणी. या सगळ्यांच्या तारखा एकमेकींत अडकलेल्या असतात. एमबीबीएस-बीडीएसच्या फेरीत जागा मिळालेली मुलं पशुवैद्यकीयची जागा सोडतात, म्हणून तिथली यादी फेरीगणिक खाली सरकते. पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे संपलं, असं मुळीच नसतं.

मृण्मयी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई एमबीबीएसच्या लिस्टमध्ये बघते, नाही तर बीएएमएस. मला व्हेटर्नरी पाहिजे. आधीपासूनच."

घरी तिने हे कधी सांगितलं नव्हतं. 'एमबीबीएस नाही झालं तर व्हेटर्नरी' अशा क्रमानेच ती बोलत आली होती, कारण घरात तो क्रम चालून जायचा. त्यामुळे एमबीबीएसच्या यादीत नाव नसलं की तिला दुःखी दिसावं लागे. आणि आतून तिला खरी धडकी होती ती बीएएमएसच्या यादीत नाव येण्याची. ते आधी आलं तर आई पैसे भरून मोकळी होईल, ओरिजिनल कागद तिकडे जमा होतील आणि आपलं राहूनच जाईल. रात्री दोन वाजता ती बघत होती ती हीच यादी, आपलं नाव नसावं म्हणून. आईला वाटत होतं, पोरगी नाव यावं म्हणून जागते आहे.

व्हेटर्नरीच का, हे मी विचारलं तेव्हा तिने २०२२ ची गोष्ट सांगितली. गुरांचा लम्पी हा त्वचारोग आला होता, जनावरांचे बाजार बंद झाले होते. काटोलकडच्या गावात आबाजींच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या गोठ्यात एका कालवडीच्या अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले, ती चारा खाईना. मृण्मयी तेव्हा अकरावीत होती, सुट्टीत तिकडे गेलेली. सरकारी डॉक्टर गावातल्या बाकीच्या जनावरांना लस टोचायला आले, तेव्हा हिने बाटलीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, ही तर शेळ्यांच्या देवीची लस आहे, गाईला कशी चालते? डॉक्टर हातातलं काम न थांबवता म्हणाले, दोन्ही विषाणू एकाच कुळातले, एकाची ओळख शरीराला पटली की दुसऱ्याशीही लढता येतं. मग गोठ्यात धूर करायला सांगितला, कारण माश्या, डास, गोचीड हा रोग पसरवतात. कालवड पुढे वाचली. "मॅडम, ती कालवड वाचली म्हणून नाही," मृण्मयी म्हणाली, "त्यांनी मला उत्तर दिलं न, म्हणून."

तीन वर्षं हे तिच्या पोटात होतं. मला वाटतं, इतकं स्वच्छ कारण असलेली मुलं माझ्याकडे फार थोडी येतात.

त्यानंतर मी आई, बाबा आणि मृण्मयी या तिघांना एकत्र बोलावलं. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि एकमेकांचं न बघता लिहायला सांगितलं: मी कोणत्या यादीची वाट बघतो आहे, आणि का. अशा वेळी घरात बोलणं खूप होतं, पण सगळं तारखांबद्दल. वाट कशाची, हे कुणी उच्चारत नाही.

आईने लिहिलं होतं, बीएएमएस, नागपुरातच. खाली कारण, 'घरून जाऊन-येऊन करता येईल.' बाबांच्या कागदावर कोणत्याच अभ्यासक्रमाचं नाव नव्हतं. 'काहीही, पण यंदा. तिला पुन्हा त्या खोलीत कोंडून घेतलेलं मला बघवणार नाही.' मृण्मयीने लिहिलं, 'बीव्हीएससी. कुठेही.'

कागद वाचून झाल्यावर आई रागावली. मी तिला अडवलं नाही. मुलीने इतके महिने लपवलं याचा राग होता, आणि तो यायलाच हवा होता. राग ओसरल्यावर तिची खरी काळजी बाहेर आली. मोठी जनावरं, लाथ बसली तर? रात्री-बेरात्री खेड्यात जावं लागलं तर? लग्नाच्या वेळी लोक ढोराचा डॉक्टर म्हणाले तर? यातलं काहीही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. काही समुपदेशक अशा वेळी आईला जुन्या विचारांची ठरवून मोकळे होतात. मला ते अन्यायाचं वाटतं. लाथ बसते. रात्री जावं लागतं. पण या कामाला गोठ्यापलीकडेही वाटा आहेत, त्या मी सांगितल्या: पशुधन विकास अधिकारी, सैन्यातला पशुवैद्यकीय विभाग, दुग्ध आणि कुक्कुट उद्योग, शहरातली कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस, आपल्याच नागपुरातल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाचं वन्यप्राण्यांचं काम. आईला एक गोष्ट माहीत नव्हती, तिचं तिला नवल वाटलं: बीएएमएस आणि बीव्हीएससी दोन्ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचेच.

पण सांगण्यापेक्षा बघणं बरं. मी आईला म्हटलं, सेमिनरी हिल्सला १९५८ पासून आपलं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या दवाखान्यात एक सकाळ जाऊन उभं राहा. मुलीला नेऊ नका, तुम्ही एकट्याच जा.

ती गेली. नंतर तिनेच मला सांगितलं. जनावर धरून ठेवायच्या खोड्यात गाय उभी होती आणि ॲप्रन घातलेली, मृण्मयीपेक्षा फार मोठी नसेल अशी एक मुलगी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून तिला आतून तपासत होती. नजर कुठेच नव्हती, भिंतीकडे होती; सगळं लक्ष हातात. गाय आणणारे म्हातारे गृहस्थ टोपी काढून बाजूला उभे होते. मुलीने हात बाहेर काढला आणि म्हणाली, "गाभण आहे काका, तीन महिन्यांची." म्हातारे हसले आणि तिला 'हो मॅडम' म्हणाले. आईने हे सांगताना 'मॅडम' शब्द दोनदा उच्चारला. शिक्षिका आहे ती. कोण कुणाला कोणत्या सुरात मॅडम म्हणतं, ते तिला बरोबर कळतं.

मग आम्ही याद्या लागायच्या आधीच निर्णय लिहून ठेवले. आधी बीएएमएस लागलं आणि व्हेटर्नरीची यादी बाकी असेल तर? नागपूर नाही, पण परभणी, उदगीर किंवा शिरवळ मिळालं तर? प्रत्येक शक्यतेपुढे घराचं एक उत्तर, तिघांच्या सह्यांसह. यादी लागते त्या दिवशी फी भरायची मुदत थोडकी असते, फोन वाजत असतात, नातेवाईक सल्ले देत असतात. त्या गोंधळात घेतलेला निर्णय पुढे साडेपाच वर्षं पुरवावा लागतो. फी परत मिळण्याचे आणि जागा सोडण्याचे नियमही दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत नव्याने वाचायला लागतात. ते वाचायचं काम बाबांनी घेतलं. यादी बघायचं कामही त्यांच्याकडे दिलं: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तेही विद्यापीठाच्या आणि सीईटी सेलच्या अधिकृत संकेतस्थळावर. टेलिग्रामचे ग्रुप मृण्मयीने स्वतःहून सोडले. मी सांगितलं असतं तर तिने सोडले नसते. दुपारी ती दुकानात बसू लागली, मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढायला. जेवण आपोआप सुरळीत झालं.

असं सगळ्याच घरांत होत नाही. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, मूल स्वतःला निरुपयोगी म्हणत असेल किंवा जगण्याबद्दलच उलटसुलट बोलत असेल, तर याद्यांचं राहू द्या. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार ओपीडीत न्या किंवा सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. त्यात कमीपणा काही नाही.

भीती होती तसंच झालं, बीएएमएसची जागा आधी आली. घराने ती घेतली नाही. तिची रँक उदगीरच्या जुन्या शेवटच्या रँकच्या आत बसत होती, म्हणून तसं कागदावर ठरलं होतं. रँक बरीच मागे असती तर हातातली जागा धरून ठेवा, असंच मी सांगितलं असतं. मनासारखं शिकायचं म्हणून वर्ष पणाला लावावं, असं माझं मत नाही. पुढच्या फेरीपर्यंतचे दिवस आईला फार जड गेले. मला फोन करून "चुकलं तर नाही न आपलं?" असं ती विचारायची, आणि मी तिला कागदावरची कारणं पुन्हा वाचून दाखवायला सांगायची. पुढच्या फेरीत उदगीर लागलं. नागपूरहून रात्रभराचा प्रवास. सोडायला आईच गेली.

आईला अजून सगळं पटलेलं नाही. मुलगी इतकी लांब गेली याचं तिला वाईट वाटतं आणि ते ती मुलीला सांगतेही, आता उघडपणे. बाबांनी मात्र त्या महिन्यांत प्रमाणपत्रांसाठी घातलेले खेटे मनात ठेवले आहेत. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल, प्रत्येकाची वेगळी रांग. धाकटा मुलगा अकरावीत आहे. त्याला काय व्हायचं आहे, हे त्यालाही अजून ठाऊक नाही, पण त्याच्या जात वैधतेचा अर्ज बाबांनी आताच भरून टाकला आहे.