चिंचोक्यांचा वॉर्ड

प्रश्न : मी नर्सिंग महाविद्यालयात व्यवस्थापन व नेतृत्व हा विषय शिकवते. विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत नेतृत्वाचे प्रकार बिनचूक लिहितात. वॉर्डात इन्चार्ज सिस्टरसमोर मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून ‘पॅनडेमिक’ हा पटावरचा खेळ वर्गात आणला, तर प्रत्येक गटात एकच मुलगी सगळ्यांच्या चाली ठरवू लागली. खेळ बंद करावा का?

उत्तर : बंद करू नका. मॅट लिकॉक यांच्या 2008 साली आलेल्या या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला आणि चार रोगांच्या साथी दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे जिला पट आधी उमगतो ती इतरांची मुकादम होऊन बसते. प्रत्येकीच्या हातातले पत्ते उघडे ठेवणे पहिल्या डावापुरतेच ठीक; पुढे ते झाकून खेळवा आणि या मुकादमीणबाईंना फक्त प्रश्न विचारण्याची मुभा द्या.

तुमच्या विषयाला ‘फ्रायडे नाइट ॲट द ईआर’ हा अमेरिकी खेळ अधिक जवळचा आहे. त्यात चौघे जण रुग्णालयाचे चार विभाग सांभाळतात, 24 तासांचे कामकाज सुमारे तासाभरात खेळले जाते आणि शेवटी खर्च व सेवेचा दर्जा या दोन्हींचा हिशेब होतो. पुढच्या विभागात खाट मिळत नाही म्हणून आपत्कालीन विभागात रुग्ण खोळंबतात, आणि शेजारी मोकळा स्टाफ असला तरी तो मागण्याचे पुष्कळदा कुणाला सुचत नाही. रात्रपाळी केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

तो परवडत नसेल, तर ड्रॉइंगच्या कागदावर कॅज्युअल्टी व तीन वॉर्ड आखा, चिंचोके म्हणजे रुग्ण आणि कवड्या म्हणजे सिस्टर समजा, आणि दर खेपेला फाशावर पडेल तेवढे चिंचोके कॅज्युअल्टीत टाका. डाव वीस मिनिटांचा पुरे. त्यानंतरची चर्चा चाळीस मिनिटे चालू द्या, कारण खरे शिक्षण तिथे होते आणि तास संपत आला की नेमकी तीच गुंडाळली जाते. कोण जिंकले, हे विचारू नका. शेजारच्या वॉर्डाची कवडी हवी असूनही मागितली नाही, ती का, हे विचारा. ‘ती सीनियर आहे ना’ असे उत्तर आले, तर तीच मागणी तिला रुग्णालयात निरोप देण्याच्या आयएसबार या ठरलेल्या क्रमाने, म्हणजे स्वतःची ओळख, परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि नेमकी मागणी अशी, सगळ्यांसमोर मोठ्याने करायला लावा. या डावाला गुण मात्र ठेवू नका. ठेवलेत तर मुली पुन्हा तुम्हाला हवे तेच उत्तर देऊ लागतील.