वाद्यांची दुखणी : महागाची गिटार, नववा फ्रेट आणि ओठाला झिणझिण्या

प्रश्न : काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि पाच वर्षांपासून भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. आतापर्यंत वापरलेल्या गिटारीवरच भागवलं. यंदा कार्यक्रमांचे साठवलेले पैसे आणि बाबांनी तूर विकून दिलेले, असे मिळून 86,000 रुपयांची परदेशी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली. एप्रिलच्या सुरुवातीला ती मुंबईहून आली. 14 एप्रिलचे कार्यक्रम झाले आणि मग एकेक खोट दिसायला लागली. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, कडेवरून हात फिरवला की फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर आठवा फ्रेट दाबला तरी नवव्याचाच सूर निघतो. सगळ्यात जाड तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखरते. नेक बॉडीला जोडलाय तिथे रंगात केसाएवढी चीर आहे. ॲम्प (ॲम्प्लिफायर) लावला की गुणगुण येते, तारांना हात लावला की कमी होते. गाताना माईकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. परत करायची 10 दिवसांची मुदत संपली. बाबा रोज म्हणतात, "इतक्या पैशात गोऱ्ह्याईची जोड आली असती." गावातला एक जण म्हणतो कानशीनं घासून देतो. घासू का परत करू? (नाव छापू नये.)

उत्तर : बाबू, कानस आधी खाली ठेव. गावातल्या त्या माणसाची नियत चांगली असेल, पण त्याला सध्या चहा पाजून वाटेला लाव.

हे मी भोगलेलं सांगतोय. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा एका शहरातल्या दुकानातून नवी गिटार आणली होती. बारावा फ्रेट जरा उंच वाटला. दुकान लांब, एसटीचं भाडं कोण घालवतो, म्हणून घरीच कानस मारली. बारावा बसला, तर तेरावा उंच वाटायला लागला. तेरावा घासला, तर चौदावा. पंधराव्यापर्यंत पोचलो तेव्हा अंगणात पितळी भुसा पडला होता आणि मी रडकुंडीला आलो होतो. दुकानात नेली तर मालकानं एकदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "हात लावलाय तुम्ही, आता आमचं काही नाही." त्याचं बरोबर होतं, हे कळायलाही मला दोन वर्षं लागली.

तुझ्या पत्रात माईक शेवटी आलाय, मी त्याच्यापासूनच सुरू करतो. ओठाला झिणझिण्या येणं हा गिटारीचा दोष नाही, पण तुझ्या यादीत जिवावर बेतणारी गोष्ट तेवढी एकच आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग), केबलमधून थेट ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर वीज झिरपून बसते. माईक दुसऱ्या साउंड सिस्टीमचा, त्याचं अर्थिंग वेगळं. मध्ये तू, बोटं तारांवर आणि ओठ माईकवर. तुझ्या ॲम्पची तिसरी पिन शाबूत आहे का, पाहा. आपल्याकडे बोर्डात बसत नाही म्हणून पक्कडीनं ती पिन मोडणारे महाभाग मी मंडपामंडपात पाहिलेत. पिन असेल तर घरच्या अर्थिंगचा खड्डा बघ. उन्हाळ्यात आपली काळी माती हातभर भेगाळते आणि सुकलेल्या मातीत अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून फरक पडतो का ते पाहा. काहीही दिसलं तरी वायरमनला बोलावून गिटारची तार आणि माईकची जाळी यांच्यामध्ये मीटर लावून घे, आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसव. जनरेटरवरच्या कार्यक्रमात तर आधी अर्थिंगची सळई ठोकलीय का विचारायचं, मगच केबल जोडायची. तोपर्यंत गायचं असेल तर गिटार बाजूला ठेवून गा.

गुणगुणीचं थोडक्यात. तारांना हात लावल्यावर ती कमी होते, म्हणजे ब्रिजची अर्थ वायर जागेवर आहे. हात लावल्यावर वाढली असती तर मी काळजी केली असती. तुझ्या गिटारीत एका गुंडाळीचे पिकअप (तारांचा सूर पकडणारी, तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली लोहचुंबकं) असतील तर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण ते पकडणारच. त्यावर उपाय म्हणून 1955 साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्यांचा 'हमबकर' पिकअप काढला. ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर बंद करून, जागेवरच हळूहळू गिर्की घे. एका दिशेला आवाज पडला तर गिटार निर्दोष. आणखी एक गंमत करून पाहा. जाड तारेचा तिसरा फ्रेट 98 हर्ट्झवर वाजतो आणि विजेची दुप्पट गुणगुण 100 वर. दोन्ही सूर जवळजवळ जुळले तर ती घरातल्या लाइनीचीच देणगी.

आता टोचणारी टोकं. तुझ्या घरी बैलगाडी असेल, नसली तर बाबांना विचार. उन्हाळ्यात चाकाची धाव का सैल होते? लाकूड वाळून आटतं, लोखंड आहे तेवढंच राहतं. मग आपण चाक नदीत नाहीतर टाक्यात बुडवून ठेवतो. गिटारमध्ये हाच हिशेब उलटा दिसतो. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, रुंदीत आटतो, फ्रेटची धातूची तार आटत नाही, म्हणून तिची टोकं दोन्ही कडांना बाहेर येतात. गिटारीला हवेत 45 ते 55 टक्के ओलावा मानवतो. मुंबईच्या दमट हवेतून ती थेट आपल्या वैशाखात आली, आणि इथे दुपारी ओलावा 20 टक्क्यांच्याही खाली जातो. तिचा बोर्ड बहुतेक शिसवीचा असेल. शिसवी कशी वागते, हे गावातला म्हातारा वाढई तुला माझ्यापेक्षा नीट सांगेल. एवढी किंमत घेणाऱ्यानं लाकूड जास्त मुरवायला हवं होतं आणि टोकं गोल करायला हवी होती, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण एवढ्यावरून गिटार परत पाठवू नकोस. ऑगस्टमध्ये निम्मी टोकं आपोआप आत जातील. आता घासलीस तर पावसाळ्यात कडेला खाचे दिसतील.

जाड तार खरखरते, त्याचाही बराचसा दोष हवेकडे जातो. वाळल्यामुळे नेक सरळ झालाय किंवा थोडा मागे कललाय. त्या तारेला पहिल्या फ्रेटवर एका हातानं दाब, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नेक बॉडीला मिळतो तिथे दाब, आणि सातव्या फ्रेटवर मधली फट पाहा. पोस्टकार्ड अलगद सरकलं पाहिजे. तार फ्रेटला चिकटलीच असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई, पाव फेरा सैल कर, एक दिवस थांब, पुन्हा पाहा. पाव म्हणजे पावच. गिटारबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, त्यामुळे विक्रेत्याला बोट ठेवायला जागा राहत नाही. आणि खरं सांग, गायकासाठी तू अर्धा सूर उतरवून लावतोस ना? सैल तार खरखरतेच. आधी नेहमीच्या सुरात लावून तपास, मग दोष दे.

आठवा दाबल्यावर नवव्याचा सूर निघतो, तो मात्र कारखान्याचा दोष. इथे हवेची सबब चालायची नाही. नववा उंच आहे किंवा त्याची धातूची पट्टी लाकडातल्या खाचेतून वर उठलीय. घरच्या घरी पाहायला एटीएम कार्ड घे, शक्यतो उठावदार आकडे नसलेलं. त्याची आखूड बाजू 54 मिलिमीटर असते. ती आठव्या, नवव्या आणि दहाव्या फ्रेटवर तारांच्या मधोमध उभी टेकव आणि दोन्ही टोकांना आळीपाळीनं बोट लाव. कार्ड टकटक डुललं की नववा उंच. पाचव्याच्या पुढे ही आखूड बाजू पुरते. मागच्या फ्रेटना लांब बाजू लाव, तिकडे फ्रेट लांब लांब असतात. मग नवव्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं नुसता दाब दे. ठोकू नकोस. दबला की वर आला तर तो सुटलाय.

आता मोबाइल उभा ठेवून व्हिडिओ काढ. ट्यूनर ॲप सुरू, दुसरी तार, आठवा फ्रेट. ॲपवर 'जी' दिसायला हवा, तुझ्याकडे 'जी शार्प' दिसेल. तिसऱ्या तारेवर 'डी शार्प'च्या जागी 'ई' दिसेल. त्यानंतर डुलणारं कार्ड. हा एक मिनिटाचा व्हिडिओ आणि बिल विक्रेत्याला ईमेल कर. फोनवर भांडू नकोस, फोनवरचं कुणी लिहून ठेवत नाही. 10 दिवसांची मुदत ही मनात आलं म्हणून परत करायची. सदोष माल विकल्याची जबाबदारी त्या मुदतीबरोबर संपत नाही. गिटार बदलून दे, नेक बदलून दे, नाहीतर अधिकृत कारागिराकडून फ्रेट समतल करून दे आणि जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्यानं करायचा, एवढं स्पष्ट लिही. नेक बदलणं म्हणजे मोठी शस्त्रक्रिया समजू नकोस. लिओ फेंडर यांनी 1950 साली गिटारी बाजारात आणल्या त्यांचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला होता, खराब झाला तर काढून दुसरा लावता यावा म्हणून. तुझ्या गिटारीच्या पाठीवर तशीच चौकोनी पट्टी नि चार स्क्रू असतील.

विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरव. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुला यवतमाळच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत 2 वर्षं.

राहिली ती चीर. नेकच्या खाचेजवळ अशी चीर बहुधा रंगापुरतीच असते. भिंतीला तडा गेला की गवंडी करतो तसं कर. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं बारीक खूण कर, शेजारी तारीख लिही, फोटो काढून त्याच ईमेलला जोड. महिन्यानं चीर खुणेपुढे सरकली, किंवा नेक धरून आडवा हलवल्यावर जागचा सरकला, तर तीही तक्रारीत घाल.

बाबांना म्हणावं, गोऱ्हे घेतानाही तुम्ही दात मोजता, चालवून बघता. पुढच्या वेळी गिटार दुकानात बसून, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून घे. सहा तारा आणि बावीस फ्रेट म्हणजे 132 सूर. पाच मिनिटं लागतात, आणि दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यात शिक्षिका आहे. मुलीची गिटार कूलरच्या खोलीत ठेवावी की बाहेर?

उत्तर : ताई, खोलीत ठेवा, पण कूलरच्या झोतात नको. तिथे दिवसा ओल आणि रात्री कूलर बंद झाला की कोरड, असा खेळ चालतो, शिवाय तारांना गंज चढतो. गिटार बॅगेत बंद ठेवा आणि साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडून, आत नीट पिळलेला ओला स्पंज घालून ती नेकच्या बाजूला ठेवा. दोन दिवसांनी स्पंज पाहायचा. पहिला दमदार पाऊस पडला की डबी त्याच दिवशी काढा. मागच्या वर्षी माझी आठवडाभर आत राहिली आणि बॅगेच्या मखमलीवर हिरवी बुरशी उगवली.