सातबाऱ्यावर अजून दादांचंच नाव

प्रश्न : भाऊसाहेब, आमचे दादा गेल्या श्रावणात गेले. कोरेगाव तालुक्यात पावणेदोन एकर जमीन आहे. निम्मी आजोबांची, निम्मी दादांनी आल्याच्या पिकाच्या पैशावर घेतलेली. बँकेत ठेव आहे, तिला नॉमिनी आई. साध्या कागदावर मृत्युपत्र आहे, नोंदवलेलं नाही. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्या, दोन वर्षं धरून चाला. खरं का? बहीण सासरी आहे, ती काही मागत नाही.

उत्तर : चुलतभाऊ मुंबईच्या हिशेबानं बोलतोय. प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई शहरातली. आपल्याकडच्या जमिनीला ती नव्हतीच. उगाच कोर्टात गेलात आणि कुणी हरकत घेतली, तर त्या अर्जाचा दावा होतो, मग दोन वर्षंही पुरत नाहीत.

तुम्ही तलाठ्याकडे वारसाची वर्दी, म्हणजे लेखी खबर, द्या. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. माझी जीभ काही वळत नाही.) ३ महिन्यांत द्यायची असते, उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागद पुरे असतील तर महिना-दीड महिना. ठेवीचे कागद दिले की बँकेनं १५ दिवसांत पैसे द्यायचे. ते आईच्या हाती येतील, मालकी मात्र वारसांचीच.

आता बहीण. मी स्वतः तलाठी, आणि आमच्याच घरची नोंद चार वर्षं लोंबकळली. थोरल्या ताईचं नाव आम्ही वर्दीत घातलं नाही. ‘ती कुठं काय मागतीय’ हेच आमचंही म्हणणं. भाच्यानं हरकत घेतली, नोंद तक्रारी झाली आणि मी ज्या प्रांत कचेरीत कागद घेऊन जायचो, तिथंच तारखांना बाकावर बसलो. आज ताईच्या आठ गुंठ्यांत हरभरा असतो.

तेव्हा नाव घाला. तिला खरंच नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देईल. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, आजोबांच्या जमिनीत दादांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं.

मृत्युपत्राची नोंदणी नसली तरी चालतं, पण त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. त्यातलं कुणी म्हातारं असेल, तर त्यांचं प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घ्या.