इंडिकेटेड, ट्रू एअरस्पीड आणि ग्राउंडस्पीड: नियोजनात कोणता वेग धरावा?

जीपीएस ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या संदर्भातला वेग, दाखवते, मग वैमानिकाने एअरस्पीड, म्हणजे हवेच्या संदर्भातले वेग, कशासाठी शिकावेत आणि नियोजनात कोणता धरावा, असे आपण विचारले आहे. विमान तोलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा, आणि तिच्या गतिजन्य दाबाचे माप इंडिकेटेड एअरस्पीड, म्हणजे विमानातल्या वेगमापकावर दिसणारा वेग, देतो. म्हणूनच वजन तेच असेल तर समुद्रसपाटीजवळच्या दाबोळीला आणि सुमारे 10,700 फूट उंचीवरच्या लेहला विमान जवळपास एकाच इंडिकेटेड वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल कोसळते. मात्र लेहच्या विरळ हवेत, 20 अंश तापमानाला, इंडिकेटेड 130 नॉट (ताशी सागरी मैल) असताना ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतून जाण्याचा खरा वेग, सुमारे 160 नॉट असतो आणि धावपट्टी जास्त लागते. कॅलिब्रेटेड वेगात यंत्राची आणि त्याच्या जागेची त्रुटी काढलेली असते. त्यावर फार वेळ घालवू नये.

ट्रू एअरस्पीडला वाऱ्याचा हिशेब लावला की ग्राउंडस्पीड मिळतो, आणि खरा घोळ येथेच होतो. चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमले असताना माझे थोरले मावसभाऊ, जे पूर्वी छोटी विमाने चालवत, मी नेव्हिगेशन शिकवतो हे ठाऊक असूनही सर्वांदेखत म्हणाले, "अरे, जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर, फेरीचा वेळ शेवटी तेवढाच." मी तिथेच कागदावर आकडे मांडले: ट्रू एअरस्पीड 100 नॉट, पश्चिमेचा वारा 20 नॉट, पूर्वेकडे 100 सागरी मैल. जाताना 120 नॉटने 50 मिनिटे, येताना 80 नॉटने 75; म्हणजे वाऱ्याविना 120 मिनिटांत होणारी फेरी 125 मिनिटांची झाली. वारा 40 नॉट धरला तर ती 143 मिनिटांवर जाते, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. दादांनी कागदाकडे पाहिलेही नाही. "अनुभव निराळा असतो" एवढेच बोलले. अनुभवाने भागाकार बदलत नाही, आणि इंधन हवेत काढलेल्या वेळावर जळते.

तेव्हा त्या उंचीचा आणि तापमानाचा ट्रू एअरस्पीड विमानाच्या तक्त्यातून घ्यावा, इंधन प्रत्येक टप्प्याचे वेगळे काढावे, आणि वारा फेरीत फिटतो असे कोणी, कितीही ज्येष्ठ असले तरी, सांगितले तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत. अर्थात प्रत्यक्षात वारा उंचीप्रमाणे आणि तासागणिक बदलतो, आणि मोठी जेट विमाने वर गेल्यावर माख अंकावर (ध्वनीच्या वेगाशी असलेल्या गुणोत्तरावर) उडवली जातात. शिवाय वारा अगदी आडवा असला तरी मार्ग राखण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवावे लागते, त्यामुळे वरच्या उदाहरणात तोच 20 नॉटचा वारा आडवा धरला तरीही फेरीला सुमारे अडीच मिनिटे जास्त लागतात.