आधी दिवस मोज, मग मशीन

तुझा मेसेज दोनदा वाचला. तीन गेमिंग लॅपटॉप, दोन डेस्कटॉपच्या याद्या, खाली प्रश्नांची रांग, आणि शेवटी ‘दादा, तूच सांग काय घेऊ’. मी सांगणार नाही. (सांगणारच आहे, तू मला ओळखतेस. पण आधी तुझ्याकडून एक काम करून घेणार.)

गेल्या महिन्यात तुझं जड काम, म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडर (सीनचं अंतिम चित्र तयार करणं) आणि तुझे ते रात्रीचे गेम, स्वतःच्या खोलीबाहेर किती दिवस झालं? आठवून सांगू नकोस. कॅलेंडर उघड आणि मोज. वर्गात नोट्स काढल्या, तो दिवस धरायचा नाही. त्याला कुठलंही जुनं, हलकं मशीन पुरतं.

माझा गेमिंग लॅपटॉप घेताना मी मोजलं नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त एवढंच दिसत होतं: मी लायब्ररीत बसलोय, मित्राच्या खोलीवर बसलोय, बाहेर झाडाखाली बसलोय आणि समोर मशीन. अडीच किलोचं मशीन आणि विटेएवढा चार्जर मी तीन आठवडे पाठीवर वाहिला. पुढची चार वर्षं ते एकाच टेबलाच्या एकाच कोपऱ्यात होतं. चार्जर कायम लावलेला, हवा लागावी म्हणून खाली दोन जाड पुस्तकं, बाहेरून जोडलेला कीबोर्ड. डेस्कटॉपच झाला होता तो, फक्त त्यातलं काही बदलता येत नव्हतं. लिथियम-आयन बॅटरीला सतत पूर्ण चार्जही सोसत नाही आणि उष्णताही. मी तिला दोन्ही दिलं. तिसऱ्या वर्षी ती फुगली आणि टचपॅड वर उचलला गेला. शेवटी मदरबोर्ड गेला. ग्राफिक्स चिप त्यावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, त्यामुळे तीही गेली. एका बिघाडात सगळं संपलं. खूप राग आला होता. मशीनचा कमी, स्वतःचा जास्त.

आता तुझी यादी. ग्राफिक्स कार्डाबद्दल तू ‘लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हीत ४०७० आहे’ असं लिहिलंयस आणि तिथेच मी कपाळावर हात मारला. नाव एक आहे, चिप एक नाही! डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी असते आणि ते कार्ड २०० वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमधल्या ४०७० ला मेमरी ८ जीबी, आणि तिला किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, ३५ पासून ११५ वॅटपर्यंत. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतसुद्धा चांगलाच फरक पडू शकतो. वरच्या ४०९० चीही तीच गोष्ट: डेस्कटॉपला २४ जीबी, लॅपटॉपला १६. तुझा सीन ग्राफिक्स मेमरीत मावला नाही, की रेंडर रांगायला लागतं किंवा अर्ध्यावर बंद पडतं. तेव्हा नाव वाचू नकोस, वॅट आणि जीबी वाच. जाहिरातीत वॅट सापडले नाहीत, तर ते मशीन यादीतून काढ.

आणि ‘कुठेही बसून खेळता येईल’ हे तर सोडूनच दे. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारण त्याच्या आतच ठेवतात. गेम चालू असताना सगळं मिळून दीडशे वॅट ओढलं जात असेल, तर पाऊण तासही मिळत नाही. म्हणूनच प्लग काढला की मशीन स्वतःच वेग उतरवतं. कुठेही म्हणजे जिथे प्लग आहे तिथे. आणि तुझ्या खोलीत प्लग आहे.

माझा डेस्कटॉप २०१८ चा. त्याच्या मदरबोर्डावर एएमडीचं एएम४ सॉकेट आहे, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच. ते २०१६ मध्ये आलं होतं. २०२२ मध्ये मी त्याच बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून एएमडीच्याच नव्या रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवला. कॅबिनेट तेच, पॉवर सप्लाय तोच. घरी म्हणतात, मी हे मशीन प्रेमापोटी सोडत नाही. तसं काही नाही. साधा हिशेब आहे. (बरं, थोडं प्रेमही आहे. चार वर्षं ती वीट सांभाळलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.)

तू म्हणशील, मला दर सहा महिन्यांनी खोली बदलावी लागते. तेही मोज. वर्षातून दोनदा कॅबिनेट हलवणं म्हणजे दोन दिवसांची कटकट, ३६५ दिवसांची नाही. पण तुझ्या स्टुडिओत आठवड्यातून चार दिवस स्वतःच्याच मशीनवर काम करावं लागत असेल, तर लॅपटॉप घे. मी गप्प बसेन. खरंच बसेन. फक्त रॅम सोल्डर केलेली नको, फाइली साठवायला दुसऱ्या एसएसडीला जागा हवी, आणि टेबलावर असताना चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू कर.

डेस्कटॉपच्या तुझ्या दोन्ही याद्यांत मॉनिटर नाही, वायफाय नाही, यूपीएस नाही. अशाने डेस्कटॉप स्वस्त दिसतो आणि मग माझ्यासारख्यांची बाजू फुकट जिंकते. ते धरून पुन्हा बेरीज कर. आणि पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवलेस, तर मला विचारायला येऊ नकोस.

रविवारपर्यंत दिवसांचा आकडा पाठव. ‘बहुतेक’ किंवा ‘साधारण’ लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
दादा