'हाऊस' बघून हसायचं की घाबरायचं?

प्रश्न : काका नमस्कार, मी इथेच वडोदऱ्यात फाइन आर्ट्सला पेंटिंग शिकते, राहायला दांडिया बाजारात. परवा मैत्रिणी घरी आल्या होत्या तेव्हा 'हाऊस' नावाचा जुना जपानी भुताचा पिक्चर लावला. पियानो पोरीला खातो काय, चित्रातलं मांजर रक्त ओकतं काय, सगळ्या हसून लोळत होत्या. बाबा म्हणाले, हा काय पोरखेळ, पैसे नव्हते तर काढला कशाला. मला आवडला पण का ते सांगता येईना. खरंच चांगला आहे का? आईला दाखवू?

उत्तर : आवडला ना, मग बिनधास्त सांग आवडला म्हणून. बाबा पोरखेळ म्हणाले ते तसं बरोबरच आहे, कारण यातल्या बऱ्याच आयडिया खरोखरच दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशींच्या लहान मुलीच्या, चिगुमीच्या आहेत. आरशातलं आपलंच रूप अंगावर आलं तर, पियानोने बोटं चावली तर, विहिरीत गार करायला सोडलेलं कलिंगड वर ओढलं आणि भलतंच काही आलं तर! मोठ्या माणसांना अशी भीती सुचतच नाही.

पैशाचं म्हणशील तर १९७७ चा हा पिक्चर तोहोचा, म्हणजे गॉडझिला काढणारी कंपनी, ट्रिकवाली माणसं त्यांच्याकडे ढीगभर होती. पण ओबायाशी जाहिरातींतून आलेले, त्यांना सगळं लहान मुलाने कापून चिकटवल्यासारखंच दिसायला हवं होतं. तू पेंटिंगवाली आहेस तर मागचं आकाश परत बघ, रंगवलेलं आहे हे कुठेही लपवलेलं नाही.

आणि मुली सुट्टीत एकीच्या मावशीच्या घरी निघतात तो आगगाडीतला सीन बघितलास का नीट? त्या मावशीचा होणारा नवरा युद्धावरून परत आलाच नाही ही गोष्ट जुन्या मूकपटासारखी दिसते आणि मुली त्यावर गप्पा मारत असतात, अणुबॉम्बचा ढग येतो तर एक जण म्हणते म्हातारीच्या केसांसारखा दिसतोय. ओबायाशींचा जन्म १९३८ चा, तोही हिरोशिमा प्रांतातला. ते वाक्य त्यांनी उगाच ठेवलेलं नाही. त्या मुलींना युद्ध माहीतच नाही आणि मावशी अजून तिथेच अडकलीय, वाट बघत मेली तरी सुटली नाही, म्हणून तर ती लग्न न झालेल्या पोरी खाते. मला तर तिची भीती कमी आणि दयाच जास्त आली.

पण दोष आहेतच, फक्त बाबा म्हणतात तिथे नाहीत. सात मुली, नावंच कुंग फू, मेलडी, मॅक अशी, एक मारामारी करते, एक पियानो वाजवते, एक सारखी खाते, त्यापलीकडे काही नाही, म्हणून कुणी मेली तरी जीव हळहळत नाही. शेवटचा अर्धा तास सगळंच इतकं जोरात चालतं की भीती तर नाहीच, दमायलाच होतं. मुलींच्या सरांची केळी होतात ते प्रकरण काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. आणि शाळकरी मुलींचे कपडे उतरवायची दिग्दर्शकाला जी हौस आहे ती मला अजिबात आवडली नाही, जुना काळ वगैरे म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नाही.

आईला जरूर दाखव, पण हे आधी सांगून ठेव. आणि बाबांना आगगाडीतला तेवढा सीन दाखव, मग पूर्ण लावायचा का ते त्यांनाच ठरवू दे.